मूळ अमेरिकन हात

एकदा बांधलेलं हिरवं लेबल उत्तरेश्वरराव माळवद्यांनी एकतीस वर्षांत कधी सोडलं नव्हतं. पिंपरीच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. हिरवं लेबल म्हणजे माल पास, पिवळं म्हणजे पुन्हा करा आणि लाल म्हणजे भंगार. पास केलेला माल चुकीचा निघाला तर नियम असा होता, की ज्यानं लेबल बांधलं त्यानंच मालकासमोर ते सोडायचं आणि रजिस्टरात लाल शाईनं सही करायची. नोकरीला लागताना मिळालेली लाल शाईची बाटली उत्तरेश्वररावांनी शेवटच्या दिवशी सील न तोडता स्टोअरला परत केली. वर पावतीही घेतली.

तो शेवटचा दिवस दोन हजार एक सालातला. त्या वर्षी कारखान्यानं बऱ्याच जणांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती माणसांची.

उत्तरेश्वरराव व्हर्निअर, मायक्रोमीटर, फटी मोजायचं फीलर गेज आणि तिन्ही रंगांच्या लेबलांचा एक खोका घेऊन कसबा पेठेतल्या घरी येऊन बसले. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या पोळ्यांची जाडी मोजली. दुसऱ्या महिन्यात इडलीला पिवळं लेबल लागलं. तिसऱ्या महिन्यात त्यांची मुलगी प्रियदर्शनी म्हणाली, "बाबा, आता एक तर तुम्हाला काम मिळालं पाहिजे, नाही तर आम्हाला दुसरं घर."

प्रियदर्शनी हडपसरकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. म्हणजे घराण्याचा धंदा तिनं पुढे चालवला होता, फरक इतकाच की तिच्या मालाला जाडी नव्हती. तिच्या कंपनीतली निम्मी पोरं दिवसा कोड लिहायची आणि शनिवार-रविवारी बँडमध्ये वाजवायची. कुणी अमेरिकेत कामाला जाऊन आलं, की येताना बायकोला सेंट, आईला व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि स्वतःला एक वापरलेली अमेरिकन इलेक्ट्रिक गिटार घेऊन यायचं.

त्यातही ब्रॅनिगन कंपनीची गिटार म्हणजे कळस. या ब्रॅनिगनचं एक पुराण होतं आणि ते पोरांना तोंडपाठ होतं. पासष्ट सालापर्यंत म्हाताऱ्या ब्रॅनिगननं स्वतः उभं राहून गिटारी बनवून घेतल्या. पासष्टात त्यानं कंपनी विकली, ती गवत कापायची यंत्रं बनवणाऱ्यांना. तेव्हापासून गिटारीची दांडी धडात नीट बसेना. म्हणून पासष्टच्या आधीची ती ब्रॅनिगन, नंतरचं ते गवत. एकाहत्तर ते चौऱ्याहत्तर या सालांचं तर नाव काढलं तरी पोरं तोंड धुऊन यायची.

आता गिटार कुठल्या सालची हे ओळखायचं कसं? नंबर खोडलेले असतात, रंग नवे मारलेले असतात आणि विकणारे सगळे सत्यवचनी असतात. प्रियदर्शनी एकदा डबा खाताना म्हणाली, "माझ्या बाबांकडे फीलर गेज आहे." झालं.

दोन वर्षांत उत्तरेश्वररावांनी अकरा ब्रॅनिगन तपासल्या. रविवारी सकाळी दहा ते साडेबारा. स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला काळा ग्रॅनाइटचा तुकडा ही माल ठेवून मोजायची सपाट सरफेस प्लेट. दांडी जिथं धडाच्या खोबणीत बसते त्या सांध्यात ते फीलर गेजची पाती एकेक करून सारायचे आणि कितव्या जाडीचं पातं शिरतं ते रजिस्टरात लिहायचे. गिटार वाजवतात ही गोष्ट त्यांच्या लक्षात चौथ्या गिटारीच्या वेळी आली. पाचव्या वेळी त्यांनी मालकाला, वाजवायची असेल तर जिन्यात वाजव, म्हणून सांगितलं.

सालांबद्दल त्यांचं स्वतःचं मत जरा वेगळं होतं. "साल सोड रे," ते पोरांना म्हणायचे, "वार विचार. सोमवारचा माल वेगळा, पगाराच्या आदल्या दिवसाचा वेगळा. ही तुझी सोमवारची आहे. हात अजून घरीच होते त्या माणसाचे." मालक हिरमुसला होऊन जायचा, पण पुढच्या वेळी मित्राला घेऊन यायचा. पुण्यात अपमान झाला की माणूस चांगला आहे याची खात्री पटते.

दुपारी मात्र उत्तरेश्वरराव दोन गल्ल्या ओलांडून मैनुद्दीनभाईंच्या दुकानात जाऊन बसत. मैनुद्दीनभाई पेट्या, सतारी, तंबोरे दुरुस्त करायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे. दुकान एवढं अरुंद, की तंबोरा आत घ्यायचा तर गिऱ्हाइकाला बाहेर यावं लागे. दोघांची दोस्ती तीस वर्षांची आणि भांडणही तेवढंच जुनं. मैनुद्दीनभाईंकडे मोजपट्टीच नव्हती. ते डोळा बारीक करून बघायचे, नखानं टिचकी मारायचे आणि रंधा चालवायचे.

"मैनुद्दीनभाई, हे काम म्हणजे अंदाजपंचे," उत्तरेश्वरराव म्हणायचे.

"साहेब, तुम्ही मोजून मोजून कारखाना बंद पाडलात. माझं दुकान चालू आहे."

"कारखाना चालू आहे. मी बंद झालो."

"तेच म्हणतोय मी. मापात बसला नसाल."

इतपत सगळं ठीक चाललं होतं. मग दोन हजार चारच्या एप्रिलात दत्तप्रसाद आला.

दत्तप्रसाद यवतमाळचा. प्रियदर्शनीच्याच कंपनीत होता. पोरगं सरळ होतं, त्यामुळे कॅम्पातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानदारानं त्याला लगेच ओळखलं. 'चौसष्टची ब्रॅनिगन, मागच्या महिन्यात अमेरिकेहून उतरली आहे, स्क्रूला कधी हात लागलेला नाही,' असं सांगून दुकानदारानं ती तपासणीपुरती हातात दिली. आवडली नाही तर घेतल्यापासून आठ दिवसांत परत, हेही कबूल केलं.

उत्तरेश्वररावांनी तिला ग्रॅनाइटवर आडवी घातली. सगळ्यात पातळ पातं घेतलं, पाच शतांश मिलिमीटरचं. सांध्याला लावलं. शिरेना. डावीकडून शिरेना, उजवीकडून शिरेना. याआधी पासष्टपूर्वीच्या म्हणून सिद्ध झालेल्या तीन गिटारी त्यांच्याकडे येऊन गेल्या होत्या; त्यांतही दहा शतांशचं पातं आरामात जात होतं. त्यांनी चष्मा पुसला, पातं पुसलं, पुन्हा लावलं. नाही म्हणजे नाही.

"बुधवार," ते हलक्या आवाजात म्हणाले. कारखान्यात असा, हात नीट बसलेला मधल्या वाराचा माल त्यांनी तीन-चारदाच पाहिला होता.

"काका, चौसष्टची आहे ना?" दत्तप्रसादनं विचारलं. "पक्कं सांगा. मी तुमच्याच भरवशावर घेऊन राहिलो."

उत्तरेश्वररावांनी हिरवं लेबल काढलं, बांधलं आणि त्यावर स्वच्छ अक्षरांत शेरा लिहिला: 'सन १९६४. सांधा अत्युत्कृष्ट. मूळ अमेरिकन हात. आपल्याकडे असे काम होत नाही.'

शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती. पण ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट दुकान होतं, आणि दुपारी त्या दुकानात जाऊन त्यांनी तो शेरा पाठ म्हणूनही दाखवला. मैनुद्दीनभाईंनी पेटीच्या भात्यात फुंकर मारली आणि म्हणाले, "असेल बुवा."

सातव्या दिवशी दत्तप्रसादचा फोन आला. उन्हानं लाकूड हललं होतं, तारा दांडीपासून वर उठल्या होत्या, वाजवताना बोटं दुखत होती. उत्तरेश्वरराव म्हणाले, मैनुद्दीनभाईंकडे ये, किरकोळ काम आहे, मी समोर उभा राहतो. समोर उभं राहायचं कारण त्यांनी सांगितलं नाही. एवढी कारागिरी मैनुद्दीनभाईंनी डोळे भरून पाहावी, इतकीच त्यांची इच्छा होती.

दत्तप्रसाद आला तो चिडूनच. "बाप्पा, काय कंडक्टर आहेत इथले! हडपसरहून निघालो. म्हणे, हे काय आहे? म्हटलं, गिटार. म्हणे, हिचंही तिकीट काढा. म्हटलं, अर्धं तरी द्या. तर म्हणे, वय सांगा."

"मग?"

"मी म्हटलं, चाळीस वर्षं. पूर्ण तिकीट फाडलं त्यानं!" दत्तप्रसादनं खिशातून दोन तिकिटं काढून दाखवली आणि पुरावा म्हणून परत ठेवली.

मैनुद्दीनभाईंनी गिटार मांडीवर घेतली. लटकणारं हिरवं लेबल एका बाजूला सारलं. सांध्यावरून अंगठा फिरवला. मग थांबले आणि अंगठा पुन्हा एकदा, उलट्या दिशेनं फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं.

"बेटा," ते दत्तप्रसादला म्हणाले, "कोपऱ्यावर जा आणि तीन चहा सांगून ये. सांगून येऊ नकोस, घेऊनच ये. सांगितलेला चहा या गल्लीत पोचत नाही."

दत्तप्रसाद गेला. मैनुद्दीनभाईंनी आवाज खाली आणला.

"साहेब, ही उघडायलाच पाहिजे का? वरच्या वर तारा थोड्या ढिल्या करून देतो. पोराचं काम भागेल."

"तारा ढिल्या करून दांडी सरळ होते का? काय झालं, हात घाबरला अमेरिकन माल बघून?"

"तसं नाही." मैनुद्दीनभाईंनी मान खाजवली. "हा सांधा माझा आहे."

उत्तरेश्वररावांना प्रथम तो विनोद वाटला. मैनुद्दीनभाई विनोद करताना हसत नसत, हे खरं. पण आत्ता ते अवघडल्यासारखे दिसत होते, आणि विनोद करताना ते कधीच अवघडत नसत.

"एकोणऐंशी साली कोरेगाव पार्कात एक गोरा राहायचा," मैनुद्दीनभाई सांगू लागले. "शांती शोधायला आलेला. शांती कुठवर आली ते माहीत नाही, पण गिटार बेजार होती. दांडी खोबणीत नुसती खुळखुळायची. मी बसनं जाऊन घेऊन आलो. मोडक्या पेटीच्या सागाच्या दोन चकत्या काढल्या, खोबणीच्या दोन्ही कडांना बसवल्या, घासल्या, वरून रंग दिला. दांडी पुढे झुकत होती, तिच्या टाचेखाली पाचर हवी होती. हाताशी पातळ लाकूड नव्हतं. खिशात बसची दोन तिकिटं होती, जायचं आणि यायचं. घडी करून तीच घातली. पुढच्या महिन्यात गोरा आपल्या देशी गेला. जाताना बाकी सगळं वाटून टाकलं म्हणे. गिटार इथंच राहिली असणार."

"पुरावा?" उत्तरेश्वररावांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता तेवढा कडक आला नाही.

"आत तिकिटं आहेत की! स्क्रू काढले की पुरावा." मैनुद्दीनभाईंनी गल्लीकडे नजर टाकली. "म्हणून तर पोराला चहाला पाठवलं. तुम्ही म्हणाल तसं. नाही उघडत. तुमचं लेबल तिच्या अंगावर शोभतंय. मी काही कुणाला सांगत बसणार नाही."

उत्तरेश्वरराव स्टुलावर बसले होते. त्यांनी हिशेब मांडला. आज सातवा दिवस. उद्या रात्री आठ दिवस संपणार आणि गिटार कायमची दत्तप्रसादची होणार. पोरगं खूश होतं. दुकानदार खूश होता. एकतीस वर्षांत न सुटलेलं लेबल आणखी दहा-वीस वर्षं तसंच राहिलं असतं. पुढचं बघायला ते स्वतःच नसते. सगळं बरोबर जुळत होतं. फक्त गिटार चौसष्टची नव्हती, आणि पोरगं त्यांच्या भरवशावर घेऊन राहिलं होतं.

त्यांना आणखी एक गोष्ट छळत होती. मैनुद्दीनभाई हे सगळं विजयानं सांगत नव्हते. शेरा पाठ ऐकवला होता त्या दुपारचा सूड घ्यायची इतकी सोन्यासारखी संधी समोर असताना हा माणूस ती चहाला पाठवत होता. असा मोठेपणा शत्रूनं दाखवला तर सहन होतो. मित्राचा सहन होत नाही.

"नियम काय आहे," ते शेवटी म्हणाले, "तपासणी मालकासमोर होते."

दत्तप्रसाद चहा घेऊन आला तेव्हा उत्तरेश्वरराव उभे होते. ते उभे आहेत म्हणून तोही उभा राहिला.

"दत्तप्रसाद, माझ्या हातून चूक झालेली असण्याचा संभव आहे. मैनुद्दीनभाई, उघडा."

चार स्क्रू निघाले. दांडी सुटताना किंचित कुरकुरली. दांडीच्या टाचेवर, जिथं उजेड कधी पोचलाच नव्हता, तिथं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ६-७३. आणि खोबणीच्या तळाशी, घडी करून, चपटी होऊन, चहात बुडवल्यासारख्या रंगाची बसची दोन तिकिटं होती. एकावर मराठी आकडे अजून वाचता येत होते.

दत्तप्रसाद खोबणीत वाकून बघत राहिला. "त्र्याहत्तर," तो म्हणाला. "म्हणजे गवतवाल्यांची. त्यातही सगळ्यात बेकार सालाची." मग त्यानं तिकिटं उचलली. "आणि हे? अमेरिकेत मराठी बस होती काय?"

मैनुद्दीनभाईंनी त्याला सगळी हकीकत सांगितली. या वेळी मात्र त्यांनी गोऱ्याच्या केसांचं वर्णनही केलं.

"लेबल माझं आहे, ते मीच सोडतो," उत्तरेश्वरराव म्हणाले. "तुझी मुदत उद्यापर्यंत आहे. आत्ताच्या आत्ता कॅम्पात जाऊ. मी बरोबर येतो, त्या दुकानदाराला काय ते मी सांगतो. फक्त दोन मिनिटं थांब. लाल पेन लागेल."

लाल पेन कुणाकडेच नव्हतं. उत्तरेश्वरराव स्वतः कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि लाल पेन मागितलं. दुकानदार म्हणाला, निळं घ्या, तेवढंच चालतं. उत्तरेश्वरराव म्हणाले, "या कामाला चालत नाही." त्यांनी पेन कागदावर ओढून बघितलं. एकतीस वर्षं जपलेली गोष्ट तीन रुपयांत मिळाली आणि दुकानदारानं पावतीही दिली नाही.

परत आले तर दुकानातून आवाज येत होता. मैनुद्दीनभाईंनी दांडी तात्पुरती बसवून दिली होती आणि दत्तप्रसाद पायरीवर बसून, वायर न जोडता, वाजवत होता. चेहरा अजून पडलेला होता, पण बोटं त्याच्या चेहऱ्याला विचारत नव्हती.

"चल," उत्तरेश्वरराव म्हणाले.

दत्तप्रसाद थांबला. "काका, एक विचारू? मागच्या रविवारी तुम्ही मोजली तेव्हा पातं गेलं नव्हतं ना आत?"

"नव्हतं."

"मग आज जाऊन राहिलं काय?"

"आज कसं जाईल? सांधा तोच आहे."

"मग मी परत कायले करू? काका, प्रियदर्शनीच्या ओळखीनं तुमच्याकडे आलेल्या त्या अकराच्या अकरा गिटारी मी वाजवून पाहिल्या, पोरांच्या घरी जाऊन. हिच्यासारखी हाताला एक नाही लागली. त्यांची सालं हाताला लागत होती." तो जरा घुटमळला. "चौसष्ट असती तर सांगायला बरं वाटलं असतं, खोटं कायले बोलू. पण कंपनीत कोणाजवळ आहे का अशी? अर्धी अमेरिका, अर्धी कसबा पेठ?"

उत्तरेश्वररावांनी पुढच्याच आठवड्यात कॅम्पातल्या त्या दुकानदाराची भेट घेऊन त्याला लाल लेबल बांधून यायचं मनाशी ठरवलं. मग गिटारीचं हिरवं लेबल सोडलं. गाठ त्यांनीच मारलेली असल्यामुळे सुटायला वेळ लागला. त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं.

"थांबा, थांबा," मैनुद्दीनभाई म्हणाले. "खोडू नका. ते लेबल मला द्या."

"कशाला?"

"फ्रेम करून लावतो इथं. 'सांधा अत्युत्कृष्ट. मूळ अमेरिकन हात.' खाली तुमची सही. चाळीस वर्षांत मला असं कुणी लिहून दिलं नाही."

"अहो, पण खाली ते 'आपल्याकडे असे काम होत नाही'..."

"ते तर अगदी बरोबर आहे. तुमच्याकडे कुठं होतं? माझ्याकडे होतं."

दत्तप्रसादला चहाचा ठसका लागला. उत्तरेश्वररावांनी लेबल मैनुद्दीनभाईंच्या हातात ठेवलं आणि खिशातून कोरं हिरवं लेबल काढलं. त्यावर लाल शाईनं लिहिलं: 'धड व दांडी: अमेरिका, १९७३, बहुधा सोमवार. सांधा: कसबा पेठ, १९७९, बुधवार.' सही केली. लाल शाईत आपली सही बरी दिसते, असं त्यांना वाटून गेलं.

"गुरुवार होता साहेब," मैनुद्दीनभाई खांद्यावरून वाचत म्हणाले.

"माल बुधवारचा आहे. तुम्ही गुरुवारी काम केलंत हा तुमचा प्रश्न."

आता मूळ काम राहिलं होतं. दांडी अजून किंचित पुढे होती. मैनुद्दीनभाईंनी स्क्रू पुन्हा काढले, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "जुन्या पाचरीवर अजून थोडं लागेल. दोन कागदांइतकं."

"दोन कागद म्हणजे किती? शतांशात सांगा."

मैनुद्दीनभाईंनी फक्त दत्तप्रसादपुढे हात पसरला. दत्तप्रसादच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला, मग त्यानं खिशातून सकाळची दोन तिकिटं काढली. एक त्याचं, एक गिटारीचं.

"एक मिनिट!" उत्तरेश्वररावांनी मायक्रोमीटर बाहेर काढला. एकोणऐंशीचं तिकीट त्यात धरलं, आकडा पाहिला. दोन हजार चारचं धरलं, आकडा पाहिला. भुवया वर गेल्या.

"बघा," ते म्हणाले, "आठ शतांश आणि सहा शतांश. पूर्वीचा माल..."

एवढं बोलून ते थांबले. मैनुद्दीनभाई हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्याकडे अतिशय आदरानं पाहत होते.

"बोला ना साहेब. पूर्वीचा माल काय?"

"काही नाही," उत्तरेश्वरराव म्हणाले. "चारही घाला."